स्कर्ट घालून पार्किंगच्या पुढे

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यात नोकरी करणारा, लग्न झालेला, ३४ वर्षांचा एक वाचक लिहितो: दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात जांघेत फंगल इन्फेक्शन झालं, ते काही केल्या जाईना, डॉक्टरांनी घट्ट जीन्स बंद करायला सांगितल्या. त्याच सुमाराला केरळला जाणं झालं, तिथे मुंडू नेसला आणि 'पहिल्यांदा पायांना वारा लागला, वर एकदम रुबाबदार वाटलं'. घरी आल्यावर मुंडू सारखा सुटायचा म्हणून त्याने ऑनलाइन कॉटनचा लांब स्कर्ट मागवला, मग अजून दोन. आता घरात रोज तेच. बायकोला घरात चालतं, पण 'हे घालून पार्किंगच्या पुढे जायचं नाही' असं तिने बजावलंय. आई गावाहून आली की स्कर्ट कपाटात मागे जातात. त्याला खरं तर भाजीला, ऑफिसला, सगळीकडे हेच घालायचंय. त्याचे प्रश्न: 'बायकांचे कपडे आवडतात म्हणजे माझ्यात काही गडबड आहे का? बायकोला कसं पटवू? आणि लोक बघतात त्याचं काय करू?'

पार्किंगवाल्या मित्रा,

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, कबूल करते. तुला नाही, त्या 'पार्किंगच्या पुढे नाही'ला हसले. आमच्या बिल्डिंगमध्ये सकाळी दुधाची पिशवी घ्यायला निम्म्या बायका गाऊनवर खाली येतात, खांद्यावर ओढणी टाकलेली, त्या ओढणीचा गाऊनच्या रंगाशी काडीचा संबंध नसतो, आणि वॉचमनच्या खुर्चीपर्यंत आल्या की पाय आपोआप थांबतात. त्याच्या पुढे जायचं तर वर जाऊन ड्रेस घालून यायचं. कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही पण सगळ्यांना पाठ आहे. ही गाऊनची गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

गडबडीचा प्रश्न आधी उरकून टाकू. काही गडबड नाही. उकाड्यात घाम येणाऱ्या माणसाला मोकळं कापड बरं वाटलं, यात निदान कसलं करायचं. स्कर्ट आवडतो एवढ्यावरून माणूस गे आहे की ट्रान्स आहे की आणखी कोण हे कळत नाही, ते ज्याचं त्याला आतून वेगळंच कळत असतं, आणि समजा तुझ्या बाबतीत तसं काही असतं तरी मी त्याला गडबड म्हटलं नसतं.

'बायकांचे कपडे' या शब्दाशी मात्र मला भांडायचंय. केरळमध्ये मुंडू नेसलास तेव्हा तुला रुबाबदार वाटलं, बायकी नाही. मुंडू म्हणजे काय, कमरेला गुंडाळलेलं कापड. असल्याच कापडाची दोन टोकं शिवून टाकली की झाली शिवलेली लुंगी, दुकानात सर्रास मिळते, ट्रकवाल्यांपासून रिटायर्ड हेडमास्तरांपर्यंत सगळे घालतात. आता त्या शिवलेल्या लुंगीला वर नेफा करून नाडी ओव. काय झालं? स्कर्ट. म्हणजे तू दोन वर्षं घाबरतोयस ते एका नाडीला.

आणि कुठला कपडा कुणाचा हे गाव बदललं की बदलतं. म्यानमारमध्ये पुरुष लाँजी, म्हणजे तिकडची लुंगी, नेसून ऑफिसला जातात, फिजीमध्ये पोलिसांच्या मानाच्या पोशाखात सुलू नावाचा स्कर्टच असतो, भूतानमध्ये सरकारी कचेरीत पुरुषाला घो नावाचा गुडघ्यापर्यंतचा झगा घालूनच जावं लागतं. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांनी बंड केलं तेव्हा ब्रिटिश सरकारने १७४६ साली कायदा करून पुरुषांच्या किल्टवर, म्हणजे तिकडच्या चुण्यांच्या स्कर्टवर, बंदी घातली, ती १७८२ पर्यंत होती, आणि सूट कुणाला तर सरकारच्याच पलटणींना. बायकी वाटला म्हणून नव्हे, बंडखोरांचा वाटला म्हणून. गुरुवायूरच्या देवळात तू पँट घालून गेलास तर तुलाच दारात अडवतील, मुंडू नेसून ये म्हणतील. आपल्याकडे बघ, माझी आजी नऊवारीचा काष्टा मारून वयाच्या साठाव्या वर्षी फणसाच्या झाडावर चढायची. दोन पायांच्या मधून जाणारं कापड म्हणजे पँटच की. पँट आमच्या आजीने घातली आणि स्कर्ट केरळातल्या कुणाच्या तरी आजोबांनी. पहाटे दारात येणारा वासुदेव घोळदार झगा घालून गिरक्या घेतो, त्याला 'हे काय बायकी' असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

पण हे सगळं बायकोला ऐकवायला जाऊ नकोस, उपयोग नाही. फिजीच्या पोलिसाला बरोबर घेऊन पुण्याच्या मंडईत फिरता येत नाही. आणि दुसरं म्हणजे 'लुंगी चालते मग स्कर्ट का नाही' हे तुझं आर्ग्युमेंट (पत्रात दोनदा आलंय) मुळात खरं नाही. लुंगी चालत नाही रे. मुंबईत एकेकाळी 'बजाव पुंगी, हटाव लुंगी' अशी घोषणा होती, लुंगी म्हणजे परका माणूस, असा हिशोब. आपल्या घरांमध्येही पाहुणे आले की 'अहो, लुंगीवर काय बाहेर येताय' हे वाक्य ठरलेलं. तमिळनाडूत तर वेष्टी, म्हणजे तिकडचा मुंडूच, हा केवढा मानाचा कपडा, तिथेसुद्धा २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबात हायकोर्टाच्या न्यायाधीशांना वेष्टी नेसली म्हणून आत सोडलं नाही, केवढा गहजब झाला, मग विधानसभेने त्याच वर्षी कायदाच केला की वेष्टीवाल्याला असं अडवता येणार नाही. न्यायाधीशांना कुणी बायकी म्हटलं नव्हतं. क्लबाला तो कपडा 'आपल्या लेव्हलचा' वाटला नव्हता.

आता गाऊनकडे ये. मला दाट संशय आहे की तू ज्याला बाई-पुरुषाचा प्रश्न समजतोयस तो निम्मा तरी घरातले कपडे आणि बाहेरचे कपडे हा प्रश्न आहे. तुझे स्कर्ट माझ्या डोळ्यांसमोर येतात बरं का. दोन वर्षं धुऊन धुऊन विटलेला कॉटनचा स्कर्ट, इस्त्री नाही, वरती कुठल्या तरी मॅरेथॉनचा फुकट मिळालेला टीशर्ट, पायात बाथरूम स्लिपर. हा गाऊनच झाला! याच्यावर तुला कुणी पार्किंगच्या पुढे सोडू नये, मीही सोडणार नाही.

तर पहिलं काम, बायकोला पटवू नकोस, विचार. 'तुला नेमकं काय वाटतं' एवढंच, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बस. तुझ्या पत्रात तिचं एक वाक्य आहे आणि त्याचा अर्थ तूच लावलायस. कदाचित तिला लिफ्टमध्ये बायका काय विचारतील याची धास्ती असेल, कदाचित तुला कुणी पोरांनी चिडवलं तर तू भांडशील ही काळजी असेल, किंवा सरळ सरळ ते ध्यान बघवत नसेल. तिन्हीची औषधं वेगळी आहेत. आणि हेही लक्षात घे की तिने तुला दोन वर्षं घरात स्कर्टमध्ये बघितलंय आणि तिचं काही बिघडलेलं नाही, म्हणजे ती तुझ्या बाजूचीच आहे. तू काय घालायचं हे ठरवायचा हक्क तिला नाही हे खरं, पण तुझ्याबरोबर रस्त्याने चालायचं की नाही हे ठरवायचा आहे, पहिले काही दिवस ती दहा पावलं पुढे चालली तर मनाला लावून घेऊ नकोस.

दुसरं काम, बाहेरचा म्हणून एक वेगळा स्कर्ट शिवून घे. शिवूनच, कारण बायकांचे रेडिमेड स्कर्ट सीटला रुंद आणि कमरेला अरुंद असे कापलेले असतात, तुम्हा लोकांचं सगळं सरळ, त्यामुळे स्कर्ट गोल गोल फिरत राहतो आणि चेन कधी पोटावर तर कधी पाठीवर. पोट सुटलं असेल तर नाडी पोटाखाली बांधली की पुढून लोंबतो आणि पोटावर बांधली की पुढून उचलला जातो, म्हणून टेलरला पुढची आणि मागची उंची वेगवेगळी घ्यायला सांग. जाडसर खादी किंवा हलकं डेनिम, गडद रंग, अडीच मीटरमध्ये आरामात बसतं. मलमलीसारखं पातळ कापड घेतलंस तर अस्तर लाव, आणि घालून एकदा उन्हाकडे पाठ करून उभा राहा, समोरून कुणाला तरी बघायला सांग. आम्ही हे शाळेतच शिकतो, तुम्हाला कुणी शिकवत नाही.

लांबी पोटरीच्या मध्यापर्यंत. घोट्यापर्यंतचा रुबाबदार दिसतो पण जिना चढताना स्वतःच्याच पायात येतो, सरकत्या जिन्यावर काठ अडकायची भीती, आणि पुरुषांच्या मुताऱ्यांमधली ओली फरशी आठव. गुडघ्याच्या वर नको, का ते वारा सांगेल. घेर एवढा हवा की बसची पायरी चढता आली पाहिजे, टेलरच्या दुकानातच एक पाय स्टुलावर ठेवून बघ, बघू देत लोकांना. खिसे दोन्ही बाजूंच्या शिवणीत, खोल. आणि नाडीच्या ऐवजी पट्टी आणि बेल्टचे लूप करून घे, कारण मोबाईल, पाकीट, गाडीची किल्ली एवढं खिशात टाकलं की नाडीवरचा स्कर्ट हळूहळू खाली निघतो, आणि भर रस्त्यात कंबर पकडून चालणारा माणूस कुठल्याच कपड्यात रुबाबदार दिसत नाही. वर इस्त्रीचा शर्ट, आत खोचलेला, खाली बूट किंवा नीट सँडल. बघ मग तोच माणूस कसा वेगळा दिसतो.

वारा. हा तुला छळणार. फ्लायओव्हरवर, प्लॅटफॉर्मवर गाडी शिरताना, वारा खालून येतो, समोरून नाही. काठाची दुमड दोन इंच जाड ठेवली की कापडाला वजन येतं, तेवढ्याने पुष्कळ फरक पडतो. आत सैल कॉटनची हाफ चड्डी घालच, मांड्या घासत नाहीत आणि मनही निवांत राहतं. आता यात तुझं ते इन्फेक्शन आलं, म्हणून सांगते, आतली चड्डी घट्ट नायलॉनची असेल तर वरून कितीही घेर असो, जांघ पुन्हा कोंडणार. आणि पुन्हा खाज सुटली तर मेडिकलवाल्याने परस्पर दिलेलं क्रीम लावू नकोस, त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं, खाज दोन दिवसांत थांबते आणि नायटा आतून पसरत राहतो. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, टॉवेल वेगळा ठेव. स्कर्ट हे काही औषध नाही. (स्कर्टमुळे पुरुषांचं अमुक वाढतं तमुक सुधारतं असे लेख इंटरनेटवर फिरतात, ते बायकोला फॉरवर्ड करू नकोस प्लीज.)

बसणं शिकावं लागेल. खुर्चीवर टेकायच्या आधी दोन्ही हात मागून खाली फिरवायचे म्हणजे कापड गोळा होत नाही, मग पुढचं कापड गुडघ्यांच्या मध्ये खाली दाबायचं. तुम्हा लोकांची फाकून बसायची सवय तेवढी सोडावी लागेल, मेट्रोमध्ये शेजारच्यालाही बरं. जमिनीवर मांडी घालून बसायला मात्र स्कर्टसारखं सुख नाही, हे तुला कळलं असेलच.

सगळ्यात गंभीर विषय गाडी. इथे मस्करी नाही. स्कूटर असेल तर बरं, पुढे पाय ठेवायला जागा असते, कापड मांड्यांखाली दोन्हीकडून दाबून घ्यायचं आणि निघायच्या आधी मागे वळून काठ कुठे लोंबतोय का ते बघायचं, प्रत्येक वेळी. मोटरसायकलवर घेर कमी पडला तर टांग टाकता येत नाही आणि घेर जास्त झाला तर चेन आणि चाक आहेच, वर गरम सायलेन्सर. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं असलं पाहिजे असा आपल्या मोटार वाहन नियमांतच नियम आहे, तो साडी गार्ड बऱ्याच पोरांनी 'लूक'साठी काढून टाकलेला असतो. तू काढला असशील तर आजच परत लाव. माझ्या मैत्रिणीची ओढणी चाकात गेली होती, मानेला सोळा टाके. पावसाळ्यात तर सरळ पँट घाल, भिजलेला स्कर्ट पायाला चिकटतो, जड होतो आणि गाडीवर धोकादायक. पँट घातलीस म्हणून कुणी तुला तत्त्व सोडलं म्हणणार नाही.

बाथरूमचं तू विचारलं नाहीस पण विचारायचं होतं हे कळलं. पुढचा काठ गोळा करून हनुवटीखाली किंवा बेल्टमध्ये खोच, नाहीतर सरळ दार असलेल्या संडासात जा. भारतीय पद्धतीचा असेल तर सगळा घेर कमरेला खोचायचा, आम्ही साडीत करतो तसंच, तीन-चार वेळा केलं की जमतं.

ऑफिस सगळ्यात शेवटी. आधी ड्रेस कोडचं ते पीडीएफ वाच, कुणी वाचलेलं नसतं. त्यात पुरुषांसाठी 'ट्राउझर्स' असं स्पष्ट लिहिलं असेल तर वेगळं बोलणं, फक्त 'नीटनेटके कपडे' असेल तर वेगळं. पुरुषाने स्कर्ट घालू नये असा कायदा आपल्या देशात नाही, आणि २०१४ च्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने कपड्यांमधून स्वतःला व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भाग मानलाय, पण तो निकाल ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दल होता आणि खाजगी कंपनीत निकाल हातात घेऊन शिरलं की माणसं दचकतात. आधी मॅनेजरशी चहावर बोल. २०१३ मध्ये स्टॉकहोमजवळच्या लोकलच्या ड्रायव्हरांनी आणि २०१७ मध्ये फ्रान्समधल्या नाँत शहरातल्या बस ड्रायव्हरांनी उन्हाळ्यात हाफ पँट घालू देत नाहीत म्हणून स्कर्ट घालून ड्युटी केली होती, जगभर बातम्या झाल्या. पण त्यांना हाफ पँट हवी होती, स्कर्ट हे आंदोलन होतं. तुझं उलटं आहे, तुला स्कर्टच हवाय, बातमी नकोय. म्हणून शुक्रवारी, जेव्हा सगळेच ढगळ टीशर्टवर येतात आणि क्लायंट मीटिंग नसते, तेव्हा घालून जा आणि नेहमीसारखं काम कर. मेल पाठवून घोषणा नको.

लोक बघणार. पहिल्यांदा कपड्याकडे, मग चेहऱ्याकडे, मग परत कपड्याकडे, मग मोबाईलकडे. दुसऱ्या आठवड्यात तेच लोक नुसते कपड्याकडे बघतात. एक वाक्य तयार ठेव, 'उकडतं हो फार', आणि तेवढंच बोल, लाँजी-किल्टचं भाषण कुणी मागितल्याशिवाय देऊ नकोस. भाजीवाली विचारेल 'काय दादा, नवी लुंगी?' तर हो म्हण, खोटं नाहीये. सुरुवात दुसऱ्या एरियातल्या संध्याकाळच्या फेरीपासून कर, सोसायटी मागाहून. आणि रात्री उशिरा, सुनसान स्टँडवर, दारू प्यायलेल्या घोळक्यात, जत्रेच्या गर्दीत नको, डिकीत एक पँट कायम ठेव. याला भित्रेपणा समजू नकोस, कुठे काय घालून जायचं हा हिशोब आम्ही बायका रोज घरातून निघताना करतो, तुला पहिल्यांदा करावा लागतोय एवढंच.

आईचं म्हणशील तर लपवणं बंद कर, पण दारात ती बॅग ठेवत असतानाही समोर उभा राहू नकोस. तिचा चहा होऊ दे, दुपारची झोप होऊ दे, मग नेहमीसारखा स्कर्टमध्ये बाहेर येऊन पेपर वाचत बस. तिने विचारलं तर शिवलेली लुंगी आहे म्हण, खिसे दाखव. गावाकडच्या बाईने आयुष्यभर धोतरं धुतलीत आणि लुंग्या वाळत घातल्यात, तुझ्या अंदाजापेक्षा तिचं मन मोठं असेल. नाही पटलं तर बडबडेल, तीन दिवस. जीन्सवरही बडबडली असेल की.

टेलरकडे जाशील तेव्हा नेहमीच्या पँटवाल्याकडे जाऊ नकोस, त्याला घेराचं गणित येत नाही आणि तो लाजेल. तुझी बायको जिच्याकडे ड्रेस शिवते तिच्याकडे जा, बायकोला घेऊनच जा, मापं घालायच्या बुटांवर घे. आणि निघताना बायकोचे दोन-तीन कुर्ते पिशवीत टाक, तिच्या कुर्त्यांना खिसे नसणार, तुझ्या स्कर्टचे शिवून होतायत तोवर तिचेही लावून होतील.